जोडाचा फोटो

आत्या,

कशी आहेस असं विचारण्यात काही अर्थ नाही, म्हणून विचारत नाही. मी बरी आहे. तुझा लेक वाळूजला त्याच कंपनीत आहे, फक्त आता पाळ्या नाहीत त्याला आणि पोट सुटलंय. एसटीवर आता औरंगाबाद लिहीत नाहीत, संभाजीनगर लिहितात. तू असतीस तर दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घ्यायची म्हणून एव्हाना पेंटरच्या डोक्यावर जाऊन बसली असतीस. छावणीतलं दुकान तिथंच आहे, ते मी चालवते. मी तुला 'तू' म्हणतेय हे कुणी वाचलं तर म्हणेल, सासूला असं बोलतात का? पण तू आधी माझी आत्या होतीस, बापाची सख्खी बहीण, सासू नंतर झालीस. भावाची लेक सून म्हणून आणायची आपल्याकडं रीतच आहे. लग्नानंतर सगळ्यांनी मला बजावलं, आता अहोजाहो कर. तू म्हणालीस, "तोंडाला लागलंय ते राहू द्या. मला अहो म्हणाया लागली की वाटंल कुणी परकीच घुसलीय घरात." तेवढा एक लाड केलास आणि मग मला कामाला जुंपलंस.

मला वाटलं होतं, शहरात आलोय तर जरा आरामात राहू. कसलं काय. आठ-पंधरा दिवस गेले नसतील, सकाळी भाकरी झाल्या आणि तू चप्पल घालत म्हणालीस, "स्वैपाक तुला येतो हे मला ठाऊक हाय, माझ्याच भावाच्या घरची तू. दुकानात चल." मामा, म्हणजे तुझे यजमान, जाऊन तेव्हा बरीच वर्षं झालेली. त्यांचा स्टुडिओ बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तू त्यांचा कॅमेरा उचललास, आणि रोल धुवायचं काम संपत आलं तेव्हा चाळिशी उलटल्यावर डोक्यावर पदर घेऊन कॉलेजच्या पोरापोरींमध्ये कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसलीस. मला हे सगळं ऐकून माहीत होतं. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं.

त्या पहिल्या दिवशी एक जवान आला. छावणीतलं आपलं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः जवानच. कुठल्या कुठल्या मुलखातले, बायको तिकडं डोंगरात आणि हे इकडं पत्र्याच्या बराकीत. लग्नानंतर लगेच ड्युटीवर आलेले, दोघांचा मिळून एक फोटो नाही. तो तिचा पासपोर्ट फोटो पाकिटातून काढतो, तू बघतेस, आणि मग तू जे करतेस त्यानं माझे डोळे पांढरे व्हायची वेळ येते. तू त्याला बाकावर बसवतेस आणि पदर सावरून स्वतः त्याच्या शेजारी बसतेस. अगदी खेटून. मला म्हणतेस, "दाब बटण." मी म्हणते, आत्या, अगं काय हे? तर म्हणतेस, "रिकाम्या जागेच्या शेजारी बसलेला माणूस येगळा दिसतो. शेजारी कुणीतरी बसावं लागतं, तवा तो जोडीनं बसल्यावानी बसतो. दाब." मी बटण दाबलं. तो बिचारा लाजून लाल झाला होता, आणि तोच लाल चेहरा तुला हवा होता.

मग कॉम्प्युटर. स्टूल ओढून तू मला शेजारी घेतलंस. पडद्यावर तो जवान आणि तू. तू माऊसनं स्वतःच्या कडेकडेनं एक रेघ फिरवलीस, डोक्यावरून, खांद्यावरून, कोपरावरून. त्या हत्याराला तू दोरी म्हणायचीस. दोरीचं टोक टोकाला मिळालं, तुझ्याभोवती बारीक ठिपके पळायला लागले, तू एक बटण दाबलंस आणि तू नाहीशी झालीस. तुझ्या जागी पांढऱ्या-करड्या चौकटी. मी "अगं बाई" म्हणून किंचाळले. तू माझ्या मांडीवर चापट मारलीस आणि त्याच्या बायकोला आणलंस. ती पहिल्यांदा केवढी तरी मोठी आली, राक्षसिणीसारखी. तू तिला कोपऱ्याला धरून लहान केलंस, मान जराशी कलती केलीस, काठ मऊ केलेस, सरकवत सरकवत बाकावर बसवलंस. आणि आत्या, ती बसली. खरंच बसली. दोघांना जन्मात कुणी वेगळं केलं नसेल अशी बसली. जवान मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, "मैडम, थोड़ा और पास कर दीजिए ना." तू न वळता म्हणालीस, "और कित्ता पास करूँ? गोदी में बिठाऊँ क्या?" तो हसला आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागला. मी तुझ्याकडं बघत होते. हे असलं काही माणसाच्या हातात असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

तेव्हापासून मला त्याचं वेड लागलं. तू शिकवायचीस ते शिव्या देत. फोटोत एकावर एक थर रचतात म्हणजे काय ते मला कळेना, तेव्हा तू फ्रेमच्या काचा उचलून आणल्यास. टेबलावर एका जवानाचा फोटो ठेवलास, त्यावर एक काच, त्या काचेवर स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून चिकटवलीस. जवानाला टिकली लागली. काच उचललीस, जवान पहिल्यासारखा. "बघ, त्याला काई झालं का? तू सगळं एकाच काचेवर करतीस आन् मग बोंबलतीस." मला अजूनही नव्या पोरींना शिकवताना काच घ्यावी लागते, दुसऱ्या कशानं ते इतकं कळत नाही. आणि तुझं ते नाकाचं पालुपद. मी काहीही जोडून दाखवलं की तू आधी नाक बघायचीस. "नाकाची सावली कुठं पडलीय? याची इकडं आन् तिची तिकडं. दोन सूर्य उगवलेत का तुह्या फोटोत?" जेवतानासुद्धा माझं लक्ष सगळ्यांच्या नाकाकडं जायचं. तुझा लेक एकदा वैतागून म्हणाला, "माझ्या नाकाला काय लागलंय का?" तू आणि मी ताटावर हसत सुटलो.

आणि एक गोष्ट तू फार उशिरा शिकवलीस, मी नीट शिकतेय अशी तुझी खात्री पटल्यावर. जवानाच्या शेजारून तू स्वतःला पुसायचीस, पण त्याच्या बाहीवर पडलेली तुझी सावली पुसायची नाहीस. "ती ऱ्हाऊ दे. सावली काढली की बायको हवेत बसल्यावानी दिसती." म्हणजे त्या सगळ्या डोंगरातल्या घरांमधून भिंतींवर जी जोडपी बसलीत, त्या प्रत्येकाच्या बाहीवर तुझी सावली आहे. हे मला कळलं त्या दिवशी मी तुझ्याकडं नुसती बघत राहिले होते. तू म्हणालीस, "काय बघतीस? नाक बघ."

मग तो दुष्काळ आला. तुला आठवत असेल, शहर त्या वर्षांत कसं सुटलं होतं. जिथं काल बाभळी होत्या तिथं आज सहा मजले, आणि सहाव्या मजल्यावर पाणी नाही. गल्लीत टँकर आला की तू कॉम्प्युटर तसाच टाकून हंडे घेऊन पळायचीस. गावाकडची पोरं घोळक्यानं वाळूजला यायला लागली. कंपनीच्या गेटपासाला फोटो लागतो म्हणून आपल्याकडं बसायची, उन्हानं रापलेली, कॅमेऱ्यासमोर श्वास धरून. आमच्या पाचोडच्या अंगाला मोसंबीच्या बागा वाळत चालल्याचं त्यांच्याकडून कळायचं. आबांची बाग, म्हणजे माझ्या वडिलांची, तुझ्या दादाची, तिनं पहिला उन्हाळा कसाबसा काढला. दुसऱ्यात गेली. आबांनी झाडं स्वतः तोडली नाहीत, माणसं लावली आणि आपण पिशवी उचलून इकडं निघून आले. ती करवत ऐकवली नसती म्हणाले.

आल्या आल्या पाण्याची पंचाईत. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं, आणि लेकीला पोर होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही यावर आबा अडून बसले. बाहेर कुठं घोटभर पाणी नाही आणि हा बाबा घरात भरलेल्या माठासमोर कोरड्या तोंडानं बसलेला! तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "हे घर कुणाचं हाय? मव्हं. मी कोण? तुही बहीण. भावानं बहिणीच्या घरी पाणी प्यायचं का नाय?" ते तोडग्याला तयार झाले, पण पेला तुझ्याच हातून घ्यायचे. मग मी ओतायचं, तू हातात द्यायचं. मी पुटपुटायचे, पाणी तेच, माठ तोच, काय नाटकं लावलीत. तू डोळे मोठे करायचीस.

दिवसभर घरात बसून काय करणार, म्हणून आबा दुकानात यायचे. कोपऱ्यातल्या बाकावर बसून आपलं जोडकाम बघायचे. एकदा पडद्यावर एका जवानाची बायको त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तो फोटो घेऊन गेला, तेव्हा आबा तुला म्हणाले, "मव्हा आन् तिचा जमंल का?" तिचा म्हणजे माझ्या आईचा. ती मी अगदी लहान असताना तापानं गेली. त्या दोघांचा मिळून फोटो नाही, त्या काळात घरातल्यांसमोर नवराबायकोनं शेजारी बसायची सोय कुठं होती. तू म्हणालीस, जमंल की, आजच काय आठवण झाली? तेव्हा आबांनी सांगितलं. मान खाली, हात गुडघ्यांवर. "मला तिचं तोंड आठवंना. डोळे मिटले की पदर दिसतो. भाकरी थापताना हात दिसतेत. तोंडाच्या जागंला काईच नाय. बाग होती तवर ती बांधावरून येताना दिसायची. बाग गेली तशी ती बी गेली. मी इसरलो तिला."

आबांना निदान विसरायला तरी काही होतं. मला आईचं तोंड कधी माहीतच नव्हतं. घरात तिचा एकच फोटो, काकांच्या लग्नात मामांनी काढलेला, सगळा गोतावळा उभा, आणि शेवटच्या रांगेत कडेला ती. तोंड तुरीच्या डाळीएवढं. लहानपणी मी तो फोटो डोळ्यांना लावून बघायचे, आणि जितकं जवळ न्यावं तितकी ती पुसट व्हायची.

मामांच्या डब्यांतून तू त्या फोटोची निगेटिव्ह शोधून काढलीस. धुळीनं तुला शिंकांवर शिंका. ती माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "तू कर. मी हात लावणार नाय. दादा, तू झाल्यावरच बघ, मधी डोकवायचं नाय." मी ती निगेटिव्ह स्कॅन केली, मोठी केली, अजून मोठी केली. आत्या, पडद्यावर ती हळूहळू वर येत गेली. आधी नुसता डाग, मग कपाळ, मग कुंकू, मग डोळे. मी ज्या वयाची होते त्याहून लहान पोरगी ती. आईपेक्षा आपण मोठ्या झालोय हे मला तिथं कळलं. तिच्या खांद्यावर तुझा हात होता, फोटोत तू शेजारीच उभी. तिला सुटी करायची तर तुझी बोटं पुसायला लागणार होती. मी थांबलेली बघून तू म्हणालीस, "पूस पूस. इथं हाताला हायेत की माझी बोटं." शिक्क्याच्या हत्यारानं तिच्याच चोळीचा तुकडा उचलून मी तुझी बोटं एकेक झाकत गेले.

आबांचा एकट्याचा फोटो दुकानात आधीच काढलेला होता, तोच घेतला. त्यात दिवा डावीकडून. आईवर ऊन उजवीकडून. शिवाय आई बघत होती फोटोच्या बाहेर, उजवीकडं. नवऱ्याच्या डाव्या हाताला बसवली की तिची त्याच्याकडं पाठ केल्यासारखी मान. मी डोकं लढवलं. एक कळ दाबली आणि आईला उलटी केली, आरशात उलटतं तशी. ऊन डावीकडं आलं, मान आबांकडं वळली. एका फटक्यात सगळं जुळलं! मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं की विचारू नकोस. दोघांच्या नाकांच्या सावल्या एका बाजूला. नवऱ्याकडं बघणारी बायको. तुला दाखवलं. तू चष्मा वर करून बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि एवढंच म्हणालीस, "दादाला दाव." माझी छाती फुगली.

आबांनी फोटो हातात घेतला. उजेडाकडं धरला. चष्मा पुसला, परत धरला. मी वाट बघतेय की आता रडतील, आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "ही कोण?"

मी म्हटलं, आई. ते म्हणाले, "नाय."

"आबा, आईच आहे ती. काकांच्या लग्नातली. त्याच फोटोतली."

"तिच्यावानी हाय. ती नाय ही."

माझं टाळकं सटकलं. किती खपून केलं होतं मी ते. मी फाडकन बोलले, "तुम्हीच म्हणालात ना, विसरलो म्हणून? मग ती नाही हे कशावरून सांगता?" बोलले आणि जीभ चावली. आबांचं तोंड एवढंसं झालं. ते फोटोकडं बघत म्हणाले, "ते मला सांगता यायचं नाय. पण ही नाय." आणि तेवढ्यात तू टाळी वाजवलीस, आत्या. अगदी पोरीसारखी. "दादा! इसरलो म्हणत व्हतास ना? आता बोल!"

तू मला बखोटीला धरून कॉम्प्युटरपुढं बसवलंस. "तिचा पदर बघ. कुठल्या खांद्यावर गेला? गुजरातीण करून टाकलीस माझ्या भावजईला. आन् भुवई. तिची ही भुवई जरा चढी व्हती, सदा कुणाला तरी इचारल्यावानी. ती तू तिकडं नेलीस. ह्यो तिचा आरसा हाय. ती स्वतःला अशी दिसत आसंल, दादाला कवाच अशी दिसली नाय." मग वळून आबांना म्हणालीस, "पदर तुला दिसला नाय, भुवई तुला सांगता आली नाय, तरी तू म्हणलास ही नाय. तोंड इसरलेला माणूस असं म्हणतो का?" आबांनी फोटो मांडीवर ठेवला. "व्हय की," म्हणाले, "व्हय की गं," आणि हसायला लागले, आणि गालांवरून पाणी. मी माझ्या बापाला तसं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

मी मात्र तुझ्यावर चिडले होते. तुला पहिल्याच नजरेत दिसलं होतं, मग मला का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "तुला सांगितलं असतं तर दादाला कुणी सांगितलं असतं?" दुसऱ्या माणसाच्या मनात खोलवर गाडलेलं काहीतरी अजून जिवंत आहे, हे बाहेरून ओळखायचं आणि एका चुकलेल्या फोटोनं ते वर काढायचं, हे कुठल्या क्लासात शिकवतात?

मग तू कामाला लागलीस. "आता नीट कर. माणूस जिता समोर बसलाय, त्याला हलव की. मेलेल्याला कशाला फिरवतीस?" दिवा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलास. एवढं सोपं होतं ते. आबांना बाकावर बसवलंस. मी म्हटलं, आता तू बस शेजारी, नेहमीसारखी. तू कॅमेऱ्यामागं गेलीस आणि म्हणालीस, "तू बस." आईच्या जागी मी. मी डोक्यावर पदर घेतला आणि बसले. आबा ताठ होऊन जरा सरकले. "एवढं जवळ नाय बसायची ती," म्हणाले. तू म्हणालीस, बसायची का नाय ते मला ठाऊक हाय, गप बस. बटण दाबलंस.

नंतर पडद्यावर मी माझ्याभोवती दोरी फिरवली. डोक्यावरून, खांद्यावरून, कोपरावरून. आणि स्वतःला पुसलं. आईला आणलं, तशीच, सरळ, बाहेर बघणारी. तिला लहानमोठं फारसं करावं लागलं नाही. माझ्या खांद्याच्या जागी तिचा खांदा बसला, माझ्या हनुवटीच्या जागी तिची हनुवटी. मी हात काढून घेतला आणि बघत राहिले. आबांच्या बाहीवर सावली होती ती माझी, आणि ती तशीच राहू दिली. आबांनी तो फोटो हातात घेतला तेव्हा त्यांना चष्मा पुसावा लागला नाही. "आशीच," म्हणाले. "आशीच बघायची दाराकडं. मी बोलत असलो तरी ध्यान दाराकडं, कोण आलं बघाया." मग फोटोवरची नजर न काढता म्हणाले, "पाणी दे गं." मी पेला भरून दिला. माझ्या हातातून घेतला त्यांनी आणि पिऊन टाकला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. तू मला डोळ्यांनीच दटावलंस, बोलू नको काही.

आबा पुढं गावी परतले, तो फोटो समोर ठेवून जगले आणि समाधानानं गेले. त्यांच्यामागोमाग तू. तुझी नात तुझ्यानंतर झाली, तुम्ही एकमेकींना बघितलं नाही. आता ती शाळेत जाते आणि तुझ्यासारखीच वटवट करते. आपण जे दोरी फिरवून, काठ मऊ करून, नाक बघून बघून करायचो, ते ती माझ्या फोनवर एका बोटानं करते. मी तरीही दर वेळी तोंडाला पदर लावून बघते, मला त्याची सवय होत नाही. परवा मी कणीक मळत होते, ती पळत आली. "आई, बघ, मी आणि आजी!" तुझा छावणीतल्या दुकानात बाकावर बसलेला एक फोटो घेऊन तिनं स्वतःच्या शेजारी तुला बसवलं होतं. छान बसवलं होतं, सावलीसकट. मी ओझरतं बघितलं आणि म्हणाले, "ही आत्या नाही."

माझं मलाच कळेना मी का म्हणाले. हात कणकेत, चष्मा दुसऱ्या खोलीत. ती रुसून म्हणाली, "अगं तीच आहे. नीट बसावी म्हणून मी फक्त उलटी केलीय." मी तिथंच ओट्याला टेकले आणि हमसून हमसून रडले. पोरगी घाबरली. तिला वाटलं तिनं काहीतरी बिघडवलं.

म्हणून हे लिहायला बसले. हे टाकायला पेटी नाही आणि कुणाला वाचून दाखवायचीही माझी इच्छा नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की उठेन आणि राहील इथंच. फक्त एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. आबा हसत होते, तू खूश होतीस, आणि मी पडद्यावर आईला उलटी, सरळ, उलटी, सरळ करून बघत होते. मला काही फरक वाटला नाही गं. दोन्ही सारख्याच परक्या. आबा एका नजरेत ओळखतात आणि पोटच्या पोरीला ओळखता येत नाही, म्हणून मला त्यांचा फार हेवा वाटला होता. आपल्याला आईचं तोंड ठाऊक नाही असं मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत आले, आत्या. ते काही खरं नव्हतं, हे परवा तुझं तोंड उलटं झालेलं बघितलं तेव्हा कळलं.